हेंगची मुगाची खारी

बसा हो, खुर्ची ओढा इकडं. तुम्हाला महबूबची गोष्ट सांगतो, फहाहीलच्या बेकरीतली. आधी हसाल, आणि मग हसलो म्हणून कसंसंच वाटेल. मला दर वेळी वाटतं.

साल सत्त्याण्णव, इथं कुवेतातच. महबूब आपला रत्नागिरीकडचा, जयगडचा. बेकरीत काउंटरला. बाजारामागच्या गल्लीत ती बेकरी, सकाळी खुबूस, म्हणजे अरबी रोटी, दुपारी सामून पाव, ठरलेला धंदा. आणि आत एका कोपऱ्यात हेंग.

हेंग मलेशियाच्या पेनांगचा चिनी. चिन्यांतसुद्धा असतात की, कुणी इथला, कुणी तिथला, तसा हा तेओच्यू. शुऐबाला कामगारांच्या एका कॅम्पात आचारी होता. कॅम्प उठला तसा बेकरीच्या अरबाबनं, म्हणजे मालकानं, ठेवून घेतला. हेंग आपल्या बापजाद्यांची खारी करायचा. त्याच्या भाषेत नाव काहीतरी वेगळंच, आम्ही खारी म्हणायचो. तळव्यात मावेल एवढी गोल, पापुद्र्यावर पापुद्रा, आत मुगाच्या डाळीचं पुरण. हो, पुरणच! डाळ वाफवायची, घोटायची, परतायची. वर लाल रंगाच्या टिकल्या.

पण विकली जाईना. "चिन्याच्या हातचं? काय घातलं असेल कुणास ठाऊक," म्हणत लोक सामून घेऊन चालू पडायचे. अरबाबनं चार महिने बघितलं आणि म्हणाला, गुरुवारी मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाच्या आधी येतो. ताट हललेलं दिसलं तर ह्याचा इकामा, राहायचा परवाना, वाढवतो, नाहीतर तिकीट काढतो. इकामा संपला की कुवेत संपलं, ते काय तुम्हाला सांगायला नको.

तर तो गुरुवार. महबूबच्या पायाला भिंगरी लागलेली. दारात जायचा, परत यायचा. ताट काचेत पुढं ठेवायचा, मग मधे, मग पुन्हा पुढं. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका. "या, गरम आहे! हलाल आहे!" दुपार कलतानाची अस्रची बांग होऊन गेली, ताट जसंच्या तसं. हेंग आत पीठ मळत होता, एकदाही वर बघितलं नाही त्यानं. त्यामुळं तर महबूबला एका जागी उभंच राहवेना.

आता खरी भानगड सांगतो. हा जो अल्लाची शपथ घेऊन दुनियेला खारी विकत होता ना, त्यानं स्वतः ती कधी तोंडात घातलीच नव्हती! हेंगच एकदा भोळेपणानं बोलून गेला होता, "हमारे गाँव में इसमें सूअर का चर्बी डालता." इथं कुठली आलीय चरबी? तुपाचे डबे महबूब स्वतः खांद्यावरून आणायचा, झाकणं स्वतः फोडायचा. डोक्याला कळत होतं हो, नरडं ऐकत नव्हतं. हेंग रोज संध्याकाळी दोन खाऱ्या कागदात बांधून द्यायचा. "तुम्हारा." हा "शुक्रिया" म्हणायचा आणि कोपऱ्यावर झाडूवाल्या कमालच्या हातावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी हेंग विचारी, "कैसा था?"

"एकदम मस्त!"

उन्हं कलली तशा पद्मजावहिनी आल्या. पुण्याच्या, नवरा रिफायनरीत इंजिनियर, दर गुरुवारी पाव न्यायच्या.

"काय महबूबभाई, येरझाऱ्या कसल्या? कुणाचं बाळंतपण आहे का आत?"

"वैनी, ही खारी खाऊन बघा. नाही आवडली तर माझ्या तोंडावर फेका."

"अंडं?"

"नाही."

"चरबी?"

"तूप हो, तूप! डबे वाहून मानेचा मणका सरकलाय माझ्या."

"लागते कशी?"

"गोड! पुरणपोळीच समजा. नैवेद्याला ठेवलीत तरी चालंल."

वहिनींनी चावा घेतला. चावता चावता थांबल्या.

"अहो, कांदा आहे यात. तळलेला. आणि मिरी! नैवेद्याला म्हणे!"

"असं कसं, वैनी..."

"एक टीका मीठा," आतून आवाज आला. हेंग पिठाच्या हातांनी दारात उभा. "दो टीका नमकीन. चार महीना से."

सगळ्या खाऱ्यांवर दोन-दोन टिकल्या होत्या. महबूबनं त्या रोज बघितल्या होत्या.

"तुम्ही खाल्लीय का कधी?" वहिनींनी विचारलं. "चांगली आहे तशी. खरंच चांगली आहे."

महबूबनं एक उचलली आणि हेंगकडं न बघता अर्धी तोंडात कोंबली. पापुद्रे शर्टावर सांडले. आधी डाळ गोडसर लागली, मग खारट, मग कांदा, आणि शेवटी मिरी घशात. नरडं बिनबोभाट गिळून मोकळं झालं. एवढंसंच होतं ते!

आणि नेमका तेव्हाच अरबाब आला. ताट बघितलं. एक खारी उचलली, नाकाशी नेली.

"महबूब, तू मुसलमान. तू खाता?"

रोज खातो, एवढंच म्हणायचं होतं. शंभर जणांना म्हणाला होता तो. पण हेंग समोर, आणि तोंडात अजून त्याचाच घास.

"आज खाया, अरबाब. पहली बार. बहुत अच्छा है, वल्ला. डर मेरे गले में था, इसके हाथ में कुछ नहीं था."

अरबाबनं खारी परत ताटात ठेवली. "बेचनेवाला चार महीना नहीं खाया, तो लोग क्यों खाएगा?"

वहिनी म्हणाल्या, "मला डझनभर बांधा." अरबाब ऐकायला थांबला नव्हता.

तिकीट आठ दिवसांनंतरचं निघालं. त्या आठ दिवसांत हेंग रोज संध्याकाळी दोन खाऱ्या बांधून देत राहिला. महबूब तिथंच, त्याच्यासमोर उभं राहून खायचा. कसं होतं, हे मात्र हेंगनं परत विचारलं नाही. एअरपोर्टवर पत्त्याची चिठ्ठी दिली आणि गेला.

आज सात वर्षं झाली. महबूब दर जुम्म्याला खोलीवर स्वतः खारी करून बघतो. डाळ जमते, कांदा जमतो, पापुद्रे काही सुटत नाहीत, भाकरीसारखी घट्ट होते. पत्ता आहे, पण आम्हा दोघांना सहीपलीकडं इंग्लिश येत नाही. तुम्ही शिकलेले. एवढं पत्र लिहून द्या. आधी माफी लिहा, मग पापुद्र्याचं विचारा. नाही, थांबा. पापुद्र्याचंच आधी लिहा.