खिशातला फ्यूज

सहा मजले, एकशे चौदा पायऱ्या. मला काही मोजायची हौस नव्हती. पण दोन्ही हातांत पिशव्या, गुडघे बोंब मारताहेत, दर मजल्यावर थांबून धापा टाकायच्या, मग माणूस मोजत नाही तर काय करतो? चौथ्या मजल्यावर मी चक्क पायरीवर बसले. सत्तरीची बाई, भाजीच्या पिशवीला मिठी मारून.

पाचव्या मजल्यावरचा टोपीवाला खाली उतरत होता. म्हणाला, "काय काकू, घरात लिफ्टचा मेकॅनिक आणि तुम्ही जिन्यात?" वर हसलाही. पिशवीतला बटाटा काढून त्याच्या टोपीवर मारावा असं वाटलं. मारला नाही, कारण तो आणायला खाली मलाच जावं लागलं असतं.

घरात शिरले तर आमचे हे फोनवर तोंड सोडून बसलेले.

"तीन तास! तीन तास लिफ्ट बंद आहे! माझी बायको जिने चढतेय, गुडघे गेलेत तिचे! आमच्या वेळी तासात माणूस हजर असायचा. तुम्ही काय लिफ्ट बघता की डुलक्या काढता? काय? येतोय? कधी, पुढच्या जन्मी?"

फोन आपटला आणि मला म्हणाले, "बघितलंस? एकाला काम येत नाही. सगळे भिकार."

मी पिशव्या ओट्यावर ठेवल्या. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. नवरा आपल्या गुडघ्यांसाठी भांडतोय, कुणाला आवडणार नाही?

एक्केचाळीस वर्षं यांनी लिफ्टच दुरुस्त केल्या. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, तरी आमच्या लिफ्टचा जरा वेगळा आवाज आला की यांचा जीव खालीवर होतो. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची एक किल्ली अजून यांच्याकडे आहे. द्यायला नको होती, पण इमारतीत यांना नाही म्हणायची छाती कुणाची आहे? आजही सकाळी सहाला हे वर गेले होते. "करकर करतेय, जरा ग्रीस लावून येतो." आले, तेलकट विजार धुण्याच्या टोपलीत टाकली, नाश्ता केला. त्यानंतर लिफ्ट चाललीच नाही.

दोन आणि दोन चार. पण मी केले नाहीत. का केले नाहीत, ते पुढे सांगते.

तासाभराने कंपनीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर चार केस, तेही पांढरे. याला यांनीच शिकवलेलं, म्हणून अजून यांना उस्ताद म्हणतो. यांनी दारातच त्याला धुतला. तो मान खाली घालून वर गच्चीवर गेला, वीस मिनिटांत उतरला आणि सरळ माझ्या मागे स्वयंपाकघरात आला.

"वहिनी, पाणी द्या जरा."

पाणी दिलं. प्यायला नाही. हळूच म्हणाला, "फ्यूज जळालेला नाही. फ्यूजच नाहीये. जागा रिकामी आहे. आणि मशीनला ताजं ग्रीस आहे, इतकं नीट की मला जन्मात जमणार नाही."



फ्यूजचं मला माहीत होतं. लिफ्टवाल्यांचा पहिला नियम आहे तो. काम सुरू करायच्या आधी मुख्य फ्यूज काढायचा, काड्यापेटीएवढा, पांढरा, चिनी मातीचा, आणि आपल्या खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या नाही, फ्यूजच्या खोक्यावर नाही, आपल्याच खिशात. म्हणजे आपण आत असताना कुणी शहाणा येऊन लिफ्ट चालू करू शकत नाही. आपला जीव आपल्या खिशात. काम झालं की परत बसवायचा.

"आमच्यात प्रत्येकजण एकदा तरी तो घरी नेतोच," मेकॅनिक म्हणाला. "मीही नेलाय. पण मला रस्त्यातच कळलं होतं, वहिनी. खिशात हात घातल्या घातल्या. उस्तादांना तर…" पेला ओट्यावर ठेवून म्हणाला, "काखेत कळसा, झालं. मी नवा फ्यूज बसवलाय. कागदावर 'जळाला, बदलला' असं लिहितो. तुम्ही काही बोलू नका. या वयात कशाला मनाला लावून द्यायचं? झाकली मूठ."

चांगला माणूस आहे. त्या क्षणी मला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं.

बाहेर यांनाही तसंच सांगून तो गेला. लिफ्ट खडखडत वर आली, दार उघडलं, मिटलं. बाहेरच्या खोलीतून हे ओरडले, "सांगत होतो ना! फ्यूज जळाला म्हणे! आजकालचा मालच तसा, माणसंही तशीच!"

मी न्हाणीघरात गेले, टोपलीतली तेलकट विजार उचलली. मी शिवणकाम करणारी बाई. लोकांच्या विजारी उसवायच्या आधी खिसे तपासायची चाळीस वर्षांची सवय. यांच्या विजारीचा खिसा तेवढा आज सकाळपासून तपासला नव्हता. हात घातला. होता. पालथ्या बादलीवर बसले तो हातात धरून.

आता सांगते, दोन आणि दोन का केले नाहीत.

यांचे थोरले भाऊ, माझे मोठे दीर, विसरत विसरत गेले. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग मुलांची नावं. माझी जाऊ फार प्रेमळ. दिरांनी चपला फ्रीजमध्ये ठेवल्या तर ही गुपचूप काढायची. एकच गोष्ट दहांदा सांगितली तर दहांदा हसायची. मुलांना दटावून ठेवलेलं, बाबांसमोर काही बोलायचं नाही. आणि एक दिवस मुलं शेजारच्या खोलीत डॉक्टरांशी बोलत होती, ते दिरांनी ऐकलं. त्यांना तेव्हा बरंच कळत होतं. लहान मुलासारखे रडले. "मला कुणी सांगितलं का नाही रे?" एवढंच, परत परत. दोन वर्षांनी गेले. शेवटी भावालाही ओळखलं नाही.

त्यांना पोचवून आल्यावर आमच्या ओट्यापाशी उभं राहून यांनी माझा हात धरला. एवढा मोठा माणूस, लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळत आयुष्य काढलेला, आणि घाबरला होता. म्हणाले, "मरणाचं काही नाही गं. पण असं नको. माझं व्हायला लागलं तर मला सांगायचं. तोंडावर. खाली माणूस असताना वरच्याने गप्प बसायचं नसतं."

तोही त्यांचा नियमच. एकजण खाली खड्ड्यात, एकजण वर. खालचा मधूनमधून ओरडणार, "वर कोण?" वरच्याने ओरडायचं, "मी आहे!" आणि जे काय करेल ते ओरडून सांगायचं. वरचा मुका झाला की खालचा मेला.

मी शब्द दिला. आणि गेल्या सहा महिन्यांत चार वेळा मुकी बसले. यांनी चहात दोनदा साखर घातली, मी तसाच प्यायले. नळ उघडा टाकून फिरायला गेले, मी फरशी पुसली. एकदा मला माझ्या जावेच्या नावाने हाक मारली, मी ओ दिली. ओ दिली! आणि परवा बाजारातून येताना आपलीच गल्ली चुकले, तर म्हटलं, "चला, आज लांबून जाऊ." जावेला इतकी वर्षं मनातल्या मनात नावं ठेवली आणि केलं काय, तर तिचंच.

तळपायाची आग मस्तकात गेली. मेकॅनिकवर, टोपीवाल्यावर, त्या म्हातारपणावर, जे न विचारता घरात शिरतं आणि वस्तू इकडच्या तिकडे करतं. सगळ्यात जास्त स्वतःवर. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. तो माझ्याच लाडाने सोकावला होता.

बाहेर गेले आणि फ्यूज यांच्यासमोर टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला गेला.

"हा काय?" यांनी विचारलं.

"तुमच्या विजारीत होता."

म्हणाले, "शक्य नाही. मी बसवला होता. मला आठवतंय."

"नव्हता बसवला."

"मला आठवतंय म्हणतो ना! डावा हात खोक्यावर, उजव्या हाताने दाबला, खट् आवाज झाला!"

तेच भयंकर होतं. त्यांना खरंच आठवत होतं. हजारो वेळा बसवलेल्यातला कुठला तरी एक, दुसऱ्याच कुठल्या तरी सकाळचा.

मग जे पेटले! तूच ठेवलास, तुला मला वेडा ठरवायचंय, घरात बसवायचंय, दादाचं केलं तसं माझं करायचंय, तो टकल्या तुला सामील आहे. खुर्ची ढकलली. पन्नास वर्षांत मला कधी बोलले नाहीत ते सगळं बोलले. मीही काही मूग गिळून बसले नाही.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी ओरडले. "मी एकशे चौदा पायऱ्या चढले तुमच्या त्या खट् आवाजापायी! सांग म्हणाला होतात ना? तोंडावर सांग म्हणाला होतात ना? मग ऐका आता! चहात साखर दोनदा. नळ. जावेचं नाव. परवाची गल्ली. आणि आज हे!"

यांचा आवाज एकदम बसला. "गल्ली?"

"आपण लांबून नव्हतो आलो. तुम्ही चुकला होतात."

खाली बसले. फ्यूज बोटांत फिरवला. मग अगदी बारीक आवाजात, पण रागाने, "आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

"खाली माणूस होता."

"माहीत आहे मला!" मी इतकी ओरडले की घसा चिरला. "मलाही भीती वाटते, कळतंय का? तुम्ही मराल याची नाही हो. मरायचं सगळ्यांनाच आहे, मी काय अमरपट्टा घेऊन आलेय? तुम्ही इथेच बसलेले असाल आणि मला विचाराल, बाई तुम्ही कोण, याची वाटते. तेव्हा मी कुणाशी भांडू?"

आणि मग रडले. रागाने रडले, मला तसंच रडता येतं.

ते काही उठून जवळ आले नाहीत. फोन उचलला, मेकॅनिकला लावला आणि गुरगुरले, "ए, फ्यूज माझ्याकडे होता. कागदावर खरं लिही. आणि पुन्हा माझ्या बायकोच्या कानात बोललास तर तंगडं मोडीन. जे बोलायचं ते माझ्या तोंडावर." फोन ठेवला. मला म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जायचं. तिथेही कुजबुज नको. मी खोलीत असतानाच बोलायचं."

"बरं."

गच्चीची किल्ली काढली, फ्यूजच्या शेजारी ठेवली. फ्यूज बाहीला पुसला. दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

"हे आता तू ठेव. तुझ्या खिशात."

एक्केचाळीस वर्षांत यांनी खिशातला फ्यूज कुणाच्या हातात दिला नव्हता. माझ्या तोंडून काय निघावं? "माझ्या गाऊनला खिसा कुठंय?"

"मग शीव! जगाच्या विजारींना खिसे शिवलेस!"

दुपारी शिवणाच्या मशीनवर बसले. निळ्या गाऊनला उजव्या बाजूला जाड कापडाचा खिसा लावला, दुहेरी शिवण घालून. हे आतल्या खोलीत पडले होते, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं झोपले. मशीन थांबलं तशी आतून हाक आली, कामावर असताना मारायचे तशी, पण जरा कापरी.

"वर कोण?"

फ्यूज खिशात टाकला आणि टोपीवाल्याला खाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "मी आहे!"