मेरेरिडची हाक

"आमच्यानं तुमच्या मेंढ्या डोंगरावरून उतरत नाहीत, बाई. सकाळपासून नुसतं पळवतायत आम्हाला," गुरांचा सरकारी डॉक्टर म्हणाला. कोवळंच पोर होतं. "तुमच्या हाकेला येतात म्हणे."

मेरेरिड फाटकाला टेकून डोंगराकडे बघत राहिली. लाळ्या-खुरकुताची साथ आली होती ती खालच्या शेजाऱ्याच्या गोठ्यात. तिच्या मेंढ्या धडधाकट होत्या. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. हद्दीला हद्द लागली की कळप मारायचा, असा हुकूमच होता.

"मी नाही बोलावणार."

"मग वरच गोळ्या घालाव्या लागतील. पळत्या मेंढीला गोळी नीट बसत नाही हो."

तिचा भाऊ इड्वल हळूच म्हणाला, "बोलाव गं. पुढं दुसऱ्या घेऊ."

"घेऊ की. आणि त्यांना डोंगर कोण शिकवणार? तू?"

त्या डोंगरावर कुंपण कधीच नव्हतं. आपली हद्द कुठं संपते, बर्फात आडोसा कुठं मिळतो, हे मेंढीच कोकराला शिकवायची. पणज्याच्या काळापासून हे असंच चालत आलं होतं. विकत आणलेली मेंढी इथं पहिल्या हिवाळ्यातच मरेल, हे इड्वललाही कळत होतं.

मेरेरिड सात वर्षांची असताना या डोंगरावर धुक्यात हरवली होती. रडून रडून घसा बसला, तेव्हा जवळच एक म्हातारी मेंढी खोकली. काळ्या गुडघ्यांची. पोरीनं तिची लोकर मुठीत धरली आणि मेंढीनं तिला थेट अंगणात आणून सोडलं. तिला शोधायला चॅपलमधली, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातली, सगळी माणसं बाहेर पडली होती. आईनं आधी एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं. वडील म्हणाले, "हिला घरची वाट ठाऊक नाही, मेंढीला आहे. उद्यापासून शाळेत मेंढीलाच पाठवू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हाक शिकवली. तोंडाशी दोन्ही हात धरून, खालून वर चढत जाणारी. "पण खोटी हाक मारायची नाही, मेरी. बोलावलंस तर त्यांना द्यायला काहीतरी हवं. एकदा फसवलंस की संपलं."

मेरेरिड घरात गेली. ओटच्या दाण्यांची बादली काठोकाठ भरून बाहेर आली.

"याची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाला.

"तुला नसेल."

तिनं तोंडाशी हात धरले. हाक डोंगरभर गेली, आणि सगळ्या मेंढ्या एका रांगेत खाली येऊ लागल्या. पुढे काळ्या गुडघ्यांची होती, त्या म्हातारीच्याच वंशातली. फाटकातून ती सरळ मेरेरिडपाशी आली आणि तिच्या ओंजळीत तोंड घालून खाऊ लागली. मेरेरिडला वाटलं, आत्ता हिनं आपला हात चावून तोडला तरी चालेल. मेंढी खात राहिली. एकीलाही उपाशी ठेवायचं नाही म्हणून मेरेरिड बादली घेऊन कळपातून फिरली. बादली रिकामी झाली तेव्हा तिनं डॉक्टरकडे पाहून, आता घाला गोळ्या, अशी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी धुकं थेट दारापर्यंत उतरलं. सवयीनं ती बादली घेऊन अंगणात आली, थोडी पुढे गेली आणि थांबली. कुठूनच एकाही मेंढीचा आवाज येत नव्हता. घर कोणत्या बाजूला राहिलं तेही कळेना. मग एका हातानं गोठ्याची भिंत चाचपत ती सावकाश परत निघाली.