आठवा संगणक

सकाळी अकराला रक्ततपासणी प्रयोगशाळेतले सात संगणक रोजच्यासारखे गोठले आणि सगळे यंत्रगुरूंभोवती जमले. गुरूंनी उजव्या हातात तांब्याची डबी उंच धरली, डावा हात झब्ब्याच्या खिशात घातला आणि डोळे मिटले. "लहरी उलट्या फिरल्यात. शांत व्हा, बाळांनो." सातही पडदे एकदम जागे झाले. नोंदणीवाल्या काकूंनी हातच जोडले.

ताई भिंतीशी चरफडत उभ्या होत्या. इथलं नेटवर्क बारा वर्षं त्याच सांभाळत होत्या आणि महिन्यापूर्वी आलेल्या या गुरूंच्या मते यंत्रांना ताईंचीच सावली बाधत होती. प्रयोगशाळेच्या मालक डॉक्टरांनी ताईंना आजचा दिवस शेवटचा म्हणून सांगितलं होतं.

"सर, पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडतेय, एकदा तपासू द्या."

"डोळ्यांना दिसतंय ते काय तपासायचं?" डॉक्टर म्हणाले.

"मग कोपऱ्यातला आठवा का बंद पडत नाही? त्याला तर मी दिवसभर हात लावते."

तो जुना संगणक फक्त बाटल्यांची लेबलं छापायचा. त्याला नेटवर्कची वायरच जोडलेली नव्हती.

"तो निष्पाप आहे," गुरू म्हणाले, आणि लोकांना ते पटलंही! ताईंनी कपाळावर हात मारला.

दुपारी तीनला संगणक पुन्हा गोठले. ताईंनी सरळ जाऊन काकूंच्या संगणकाची वायर उपटली. "आता उठवा, गुरुजी."

डबी वर गेली. सहा जागे झाले, काकूंचा तसाच राहिला.

"लहरींना वायर लागते का हो?" ताईंनी विचारलं. "आता तो खिशातला फोन टेबलावर ठेवा."

गुरूंना अचानक दुसरीकडचं बोलावणं आठवलं. डबी तिथेच टाकून त्यांनी पोबारा केला.

ताईंनी आतल्या खोलीतला, सातही संगणकांना जोडणारा मुख्य संगणक उघडून दाखवला. महिन्यापूर्वी गुरूंनी यंत्रांचं शुद्धीकरण केलं, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना पासवर्ड दिला होता. त्याच दिवशी तिथे एक जादा प्रोग्रॅम बसला होता. तो वायरीवाटे सातही संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरला, ठरल्या वेळी त्यांना गोठवू लागला आणि फोनवरून इशारा आला की सोडू लागला. ताईंनी तो काढून टाकला.

"उद्या या, ताई," डॉक्टर पुटपुटले. "डबी मात्र राहू दे का? असावी आपली."

ताईंनी डबी उघडली. आत वाळू होती.

"सर, रोज सकाळी निकाल आधीच माहीत असलेला नमुना लावून तुम्ही यंत्र खरं बोलतंय का ते बघता. आठवा संगणक महिनाभर तसाच नमुना म्हणून समोर होता, पण कुणी बघितलं नाही. माझी नोकरी जाणार होती, तरी नाही. रक्ताबद्दल घेता ती शंका माणसाच्या बोलण्याबद्दलही घ्या. आधी तपासा, मग माना."

त्यांनी डबी कचऱ्यात टाकली आणि काकूंची वायर परत जोडली.