हातातलं खाली ठेवेपर्यंत

घरात त्याला सगळे कारखानदार म्हणत. नाव भाऊजींनी ठेवलेलं. आयता प्रोग्राम घेणं त्याला कमीपणाचं वाटायचं. प्रोग्राम ज्यातून बनतो तो लिहिलेला सोर्स उतरवायचा, आपल्या मशीनवर कंपाईल करून त्याचा चालता प्रोग्राम घडवायचा आणि स्क्रीनवरून ओळी भराभर सरकू लागल्या की पाळण्यातल्या पोराकडे पाहावं तसं कौतुकानं पाहत बसायचं.

भाऊजी गेल्यावर ताईच्या कॉम्प्युटरची जबाबदारी त्यानं न मागता अंगावर घेतली. ताईला दिसत नाही. आलेले निरोप एक प्रोग्राम तिला बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. पाहतो तर आवृत्ती जुनीपुराणी, आणि आवृत्तीच्या आकड्याला शेपूट जोडलेलं: 'राणीसाठी'. भाऊजी ताईला राणी म्हणायचे. कारखानदाराला हसू आलं. चालायचंच, नवऱ्याचे लाड! असं शेपूट जोडतो तो सोर्समध्ये हात घालून बदल करणारा माणूस, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पण डोक्यात आलं नाही ते नाहीच.

नवा सोर्स उतरवला, कंपाईल केला, जुन्यावर बसवला. एकही अडचण नाही.

"बघ ताई, आता कशी झकास धावेल!"

तेवढ्यात निरोप आला. आवाज एकदम खणखणला आणि ताईच्या हातातला कप टेबलावर आदळला.

"अगं बाई! ही आता न विचारताच बोलायला लागली?"

"म्हणजे?"

"आधी हळूच टक् करायची, मग जरा थांबायची. मी दचकते म्हणून ह्यांनी करून दिलं होतं. तुला बोलले नाहीत?"

बोलले होते. 'कारखानदार, या एकदा, आम्हीही थोडा घरगुती माल काढलाय,' असा फोन आला होता. हौशी माणसाचा माल तो काय बघायचा, म्हणून ह्यानं 'येतो, येतो' करत चालढकल केली. भाऊजींनी बदललेला सोर्स त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होता. ऑफिसनं तो परत नेऊन केव्हाच कोरा केला. उरला होता तो इथला तयार प्रोग्राम, आणि त्यावर ह्यानं आपल्या हातानं नांगर फिरवला. बॅकअप घेतला नाही म्हणून ऑफिसात लोकांना झापणारा हा!

"करतो परत तसंच," तो खाली मान घालून म्हणाला. "किती वेळ थांबायची?"

"मी काय घड्याळ लावून बसायची, शहाण्या? हातातलं खाली ठेवेपर्यंत."

त्यानं सोर्समध्ये टक् आणि थांबायच्या सेकंदांचा आकडा घातला, कंपाईल केलं. आवाज फार लवकर आला. आकडा वाढवला, तर ताई म्हणाली, "झोपली की काय रे?" पुन्हा कंपाईल. ताई कप, किल्ली, विणकाम उचलून ठेवून दाखवत होती, आणि प्रत्येकाला वेगळा वेळ लागत होता. भाऊजींनी कुठला धरला असेल? ह्या हातांकडे ते किती पाहत बसले असतील, हे त्याला आत्ता कळत होतं.

अखेर ताई म्हणाली, "हां! अगदी असंच होतं बघ. जा आता, बायको वाट बघत असेल."

तो बूट घालत असताना आत टक् वाजलं. त्यानं वळून पाहिलं. ताईनं कप खाली ठेवलाच नव्हता. दोन्ही हातांनी तो घट्ट धरून, खांदे आवळून, ती दचकायच्या तयारीनं आवाजाची वाट बघत होती.