हौदातले तीन ठोकळे

"पोटच्या पोराला एवढं जपलं नसशील," गवंडी तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि काय बोलून गेलो ते कळल्यावर थापी उगाच पुसत बसला.

हौदाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं वर पाहिलं नाही. हौदाच्या तळाशी काँक्रीटचे तीन ठोकळे होते, वीतभरसुद्धा भरणार नाहीत असे. अठ्ठावीस दिवस त्यांना पाण्यात ठेवायचं, मग तालुक्याला नेऊन यंत्राखाली फोडायचं. ठोकळे टिकले की शाळेच्या नव्या खोलीचा स्लॅब पास. आज सव्विसावा दिवस. स्लॅबवर आळी करून तिनं सकाळीच पाणी कोंडलं होतं, आता हौदाचं पाणी बदलत होती. ऊन डोक्यावर आलेलं तिला कळत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर असावं तसं. वर्षभर तिला सगळं असंच कळत होतं.

गेल्या साली दवाखान्याचं काम होतं. टेकू काढताना पडवीचा स्लॅब खाली आला आणि त्याखाली त्यांचा एकुलता एक पोरगा गेला. चौकशी झाली. दवाखान्याचे ठोकळे यंत्राखाली झकास उतरले होते, म्हणजे माल चोख. मग कागदावर आलं, मजुरानं घाईनं टेकू काढले. घाई, आणि तो! जेवायला बसायला ज्याला तीन हाका माराव्या लागायच्या, तो. टेकू लावल्यापासूनचे दिवस तो कोळशानं भिंतीवर रेघा ओढून मोजायचा. तिनं त्या रेघा मोजल्या होत्या, पुऱ्या भरल्या होत्या. पण भिंतीवरचा कोळसा कोण वाचतो? गावानं चार दिवस हळहळ केली, मग "पोर जरा उतावळंच" असं म्हणायला लागलं. गवंडी ते ऐकून घ्यायचा आणि मान खाली घालायचा. ती त्या मानेकडे बघत राहायची.

कारण तिला ठाऊक होतं. घमेली वाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठोकळे खरं तर स्लॅबच्याच मालाचे हवेत. पण स्लॅबचा माल एकीकडे कालवला जायचा, आणि ठोकळ्यांसाठी कोपऱ्यात एक घमेलं वेगळं, दुप्पट सिमेंटचं, चाळलेल्या वाळूचं. ते काम ठेकेदार गवंड्यालाच द्यायचा, हात बसलेला म्हणून. त्याचा एकही ठोकळा कधी नापास झाला नव्हता, आणि याचा त्याला एके काळी अभिमानही होता.

शाळेचा स्लॅब ओतला त्या दिवशीही त्यानं तसेच तीन साचे भरले आणि माणसं चहाला गेली. ती गेली नाही. तिनं तिन्ही साचे उपडे केले, आपल्या घमेल्यातला स्लॅबचाच माल त्यात भरला आणि सळईनं एकेका थराला पस्तीस वेळा ठोसलं, नवरा ठोसायचा तसंच, मोजून. उपडा केलेला चांगला माल स्लॅबमध्ये टाकला. वाया कशाला घालवायचा? दुपारी गवंड्यानं वरून खिळ्यानं तारीख कोरली. हल्ली तो कशाकडेच नीट बघत नसे.

जूनपासून त्या खोलीत पहिलीचा वर्ग बसणार होता. त्यात त्यांची नातही होती, पोरग्याची पोर.

अठ्ठाविसाव्या दिवशी टेम्पोत ठोकळे चढले. ते ओल्या पोत्यात गुंडाळून धरायला गवंड्यासोबत तीही गेली. तालुक्याच्या त्या खोलीत यंत्र, एक पंखा आणि टेबलाशी बसलेल्या इंजिनिअर बाई. ठेकेदार खुर्चीत पाय हलवत होता. पहिला ठोकळा यंत्रात बसला. काटा साडेचारशेच्या पुढं जायला हवा होता. दोनशे ऐंशीला ठोकळ्यातून बारीक आवाज आला आणि काटा मागं पडला. दुसरा दोनशे साठला. तिसरा फुटला तेव्हा त्याची वाळू टेबलावर सांडली, सुटी, भरड.

पंखा फिरत राहिला.

मग ठेकेदारानं बाईंना समजावून सांगितलं की यात मालाचा दोष नाही. ठोकळ्यांना पाणी पुरलं नसणार. अशा कामाला बायका ठेवल्या की हेच होतं, आणि हिचं तर वर्षभर चित्तच ठिकाणावर नाही, बिचारीचं. नवे ठोकळे करू, महिन्यात आणून देऊ.

"म्हणजे मजुराची चूक," असं म्हणत इंजिनिअर बाईंनी पेन उघडलं.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. काहीच मागितलं नाही, नुसतं पाहिलं. तिचे हात अठ्ठावीस दिवसांच्या पाण्यानं पांढरे पडले होते, बोटांची कातडी सुरकुतलेली. गवंडी त्या हातांकडे बघत होता. मग त्यानं टेबलावरची वाळू चिमटीत घेतली, बोटांत चोळली. ही वाळू त्यानं चाळलेली नव्हती. त्यानं बायकोकडे पाहिलं, आणि वर्षात पहिल्यांदा त्याची मान खाली गेली नाही.

"हिनं पाणी घातलंय, बाई," तो म्हणाला. "हे ठोकळे स्लॅबच्याच मालाचे आहेत, म्हणून फुटले. दर वेळी मी वेगळा माल कालवून देतो, म्हणून ते पास होतात."

ठेकेदार उठून उभा राहिला. बाईंचं पेन तसंच हवेत राहिलं.

"दवाखान्याचेही तसेच दिले होते," गवंडी म्हणाला. "माझ्या पोरानं घाई केली नव्हती."