पसरणीच्या घाटातली हवा

सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा खाली रेटताना अण्णाच्या चेहऱ्यावर जे हसू उमटायचं, ते मला अजून लख्ख दिसतं. सांगलीच्या शाळेतला तो वर्ग, खिडकीतून तिरपं उतरलेलं हिवाळी ऊन, त्या उन्हात तरंगणारी खडूची धूळ, आणि माझा हा थोरला भाऊ मुलांना सांगतोय, "दाबलं की हवा अंग चोरते, दाब काढला की पसरते. तिला भीड नाही, मुर्वत नाही." त्याचा डबा पोचवायला गेले की मी दारातच रेंगाळायची.

पुढं क्षयानं त्याची डावी बाजू धरली. तेव्हा त्यावर धड औषध कुठलं! डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून छातीच्या पोकळीत हवा भरत, म्हणजे दुखरं फुप्फुस मिटून पडावं, त्याला विसावा मिळावा. ती हवा हळूहळू जिरे, की पुन्हा भरायची. अण्णाचं हसणं आखूड झालं, वाक्यं अर्ध्यावर थांबू लागली. बोलता बोलता उचललेला हात तसाच हवेत राही आणि उरलेलं आम्ही समजून घ्यायचं. लेकीला संसर्ग नको म्हणून त्यानंच वहिनीला आणि चार वर्षांच्या शमीला पाचगणीला, वहिनीच्या माहेरी धाडलं. शमीचा इवलासा फ्रॉक मात्र खुंटीवरून कुणाला काढू दिला नाही.

लढाईचे दिवस होते. मार्गशीर्षात तार आली: शमीला विषमज्वर, ताप हटत नाही, बाबांना सारखी हाक मारते. आदल्याच दिवशी अण्णाच्या छातीत हवा भरलेली. डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर घाट चढायचा नाही. वर बाहेरचा दाब कमी, आतली हवा फुगेल."

"हे मी शिकवतो, डॉक्टर," अण्णा म्हणाला आणि त्यानं पिशवी उचलली. हट्टी कुठला! मीही मागोमाग निघाले.

वाठारपर्यंत आगगाडी, पुढं पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशाच्या गॅसवर कण्हत चालणारी मोटार. वाईपर्यंत तो ठीक होता. पसरणीचा घाट लागला आणि एकेका वळणाला त्याचा चेहरा उतरत गेला. ओठ निळसर पडले, मुठीत धरलेल्या गजावर बोटं पांढरी झाली. निम्म्या घाटात कंडक्टरनं मोटार थांबवली.

"आवं मास्तर, उतरा खाली. न्हाईतर वाटंतच काय तरी व्हईल."

रस्त्याकडेचा एक गडी पुढं आला. "डोली करतो की. लय सांभाळून न्हेतो."

"डोलीत मी बसेन, गड्या," अण्णा धापा टाकत म्हणाला, "हवा... बसेल का?"

उतरत्या मोटारीनं त्याला वाईला परत आणलं. सपाटीवर येताच श्वास ठिकाणावर आला. ती हवा काढून घेणारं वाईत कुणी नव्हतं. जिरेपर्यंत थांबणं एवढंच हातात. धर्मशाळेच्या ओसरीवर टेकून तो मला म्हणाला, "तू जा, सुमे. तिला सांग, बाबा वाटेत आहेत."

मी गेले. पोर तापानं फुललेली. "बाबा कुठायत?" तिनं विचारलं. "घाटात आहेत गं राणी, येतातच," मी म्हटलं. तिनं दाराकडं मान वळवली ती वळवलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. देवाला डोळे नाहीत असं मी तेव्हा म्हटलं, आजही म्हणते.

सांगायला खाली मीच आले. अण्णा रडला नाही. नुसता कृष्णेच्या पाण्याकडं बघत राहिला.

आठवड्यानं वहिनीकडं जायला आम्ही पुन्हा त्याच मोटारीत बसलो. छातीतली हवा पुष्कळ जिरली होती. मी सारखी त्याच्या ओठांकडं बघत होते, पण एकेक वळण सरलं, माथा आला, तरी त्यांचा रंग बदलला नाही. पाचगणीत उतरून तो उंच झाडांखाली उभा राहिला, त्यानं सावकाश एक श्वास घेतला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "सुमे, दम मुळीच लागला नाही गं." आणि मग भर रस्त्यात, लहान मुलासारखा, हमसून हमसून रडला.

काळ वाट मोकळी करून देतो म्हणतात. देतो की; पण ज्याच्यासाठी निघालो, ते माणूस काही तोवर थांबत नाही.