तेलाच्या एका थेंबासाठी

ऑफिसच्या फ्रिजमध्ये डबी नव्हती. व्हर्ना टोलेफसनने दुधाची बाटली सरकवली, कुणाचा तरी उरलेला केक बाहेर काढला, आणि पार मागपर्यंत हात घालून पाहिला.

"ग्लेन! माझी डबी कुठाय?"

"ती ओली होय? वाळवायच्या कपाटात टाकली," शेजारच्या टेबलावरून ग्लेन हॅकेट म्हणाला. "बुरशी धरली असती गं. मस्त कडकडीत वाळलंय बघ."

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे गाढवा, ते गवत नाहीये!"

ग्लेनचा जन्म गवतं ओळखण्यात गेला होता. गवत वाळवलं की काम फत्ते, एवढंच त्याला ठाऊक. व्हर्नाचं लिव्हरवर्ट म्हणजे ओल्या दगडाला चिकटून जगणारी इवलीशी वनस्पती, तिला ना फूल, ना धड मूळ. स्लेट क्रीकच्या कड्यावर काल मिळालेलं हे लिव्हरवर्ट दोन जातींपैकी एका जातीचं होतं; कुठल्या, ते आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं होतं. पेशीत तेलाचा एकच मोठा तपकिरी थेंब दिसला तर दुर्मीळ, ओरेगनमध्ये आजवर कुणालाच न सापडलेलं. बारीक थेंबांची गर्दी दिसली तर कुठल्याही ओढ्याकाठी मिळणारं. आणि हे थेंब ओल्या झाडातच दिसतात. वाळलं की उडाले, मग कितीही पाणी घाला, परत येत नाहीत.

दुर्मीळ ठरलं असतं तर कडा फोडून जाणारा लाकडाच्या ट्रकांचा रस्ता थांबला असता. त्या रस्त्याची सुनावणी आज दुपारीच होती. तेवढ्यात कड्यावर जाऊन येणं शक्य नव्हतं.

"दुर्मीळ आहे म्हणून सांगून टाक ना," ग्लेन पडेल आवाजात म्हणाला. "तिथे कोण तपासणार आहे?"

"तुझ्या मूर्खपणावर माझ्या खोटेपणाचं पांघरूण घालू? तोंड बंद कर आणि गाडी काढ."

सुनावणीला अध्यक्ष लूमिस चष्मा पुसत बसले होते. व्हर्नाने सगळं सांगितलं आणि एक दिवस मागितला.

"आधीच दोनदा पुढे ढकललंय, बाई. उद्या यंत्रं चढतायत. मला एवढंच सांगा, हे दुर्मीळ आहे का?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे साधंच."

"साधं म्हटलं मी?" व्हर्नाने टेबलावर हात आपटला. "माहीत नाही म्हटलं! माहीत नाही आणि साधं, यातला फरक कळत नसेल तर त्या खुर्चीत बसता कशाला?"

"तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत," लूमिस गोड हसले. रस्ता मंजूर झाला. ते आभार व्हर्नाला थोबाडीत मारल्यासारखे लागले. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं क्षणभर तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचाही तिला संताप आला.

बाहेर येताच ती गाडीत बसली. "कड्यावर घे."

"आता काय उपयोग?" ग्लेन म्हणाला. "मंजुरी मिळाली त्यांना. तू आता काहीही शोधलंस तरी उद्या ते फोडणारच."

"फोडू देत. काय मारतायत त्याचं नाव तरी मला कळलं पाहिजे."